देवाच्या धीरावर भरवसा आणि ‘देव पाहून घेईल’

‘माझ्यात बदल घडवणारा देव आहे, मी घाई करत नाही.’ हे वाक्य दोन अगदी वेगळी माणसं तितक्याच शांतपणे म्हणू शकतात. एक जण आपल्या रागाशी किंवा मत्सराशी बरीच वर्षं झुंजतो आहे. अजून जिंकलेला नाही, पण देवाने आपल्याला टाकलेलं नाही हे त्याला ठाऊक आहे. दुसऱ्याने झुंजच सोडली आहे आणि त्या सोडण्याला तो विश्वास म्हणतो. बाहेरून दोघांत फरक दिसत नाही. कित्येकदा आपल्या स्वतःच्या मनातही, आज यातलं नेमकं काय चाललं आहे, हे लगेच कळत नाही.

दोघांचं मूळ म्हणणं मात्र खरं आहे, आणि ते आधी मान्य करायला हवं. आत्मिक वाढ हे देवाचं काम आहे. प्रेषित पौलाने रोप लावलं, त्याच्या मागून आलेल्या उपदेशक अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवणारा देव, असं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ज्याने चांगलं काम आरंभलं तोच ते ख्रिस्ताच्या दिवसापर्यंत सिद्धीस नेईल, हा भरवसा फिलिप्पैकरांस पत्राच्या सुरुवातीलाच येतो. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांना पौल आत्म्याचं फळ म्हणतो. त्यामुळे सुस्तावलेल्या माणसाला जागं करण्यासाठी ‘वाढ तुझ्याच हातात आहे’ असं सांगणं चूकच आहे. असा उपदेश सुस्ताला हलवत नाही, आणि जो आधीच जिवापाड झगडतो आहे त्याला मात्र निराशेत ढकलतो. माझ्या मते मंडळीतली बरीच थकलेली माणसं या चुकीच्या औषधानेच थकलेली आहेत.

फरक आहे तो ‘देव काम करतो’ यावरून पुढे काय निष्कर्ष काढायचा, यात. ‘देव पाहून घेईल’ म्हणणारा हिशेब असा मांडतो: काम देवाचं, म्हणजे माझं नाही. जणू एकाच कामाचे दोन वाटे आहेत आणि देवाचा वाटा वाढला की आपला कमी होतो. पौलाचा हिशेब उलट आहे. भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, असं तो फिलिप्पैकरांना सांगतो आणि लगेच त्याचं कारण देतो: इच्छा आणि कृती ही दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. देव आत काम करतो आहे, म्हणूनच मला हलता येतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातही हीच मांडणी आहे. जीवनाला आणि सुभक्तीला लागणारं सगळं देवाच्या सामर्थ्याने दिलं आहे, असं आधी येतं, आणि त्याच कारणासाठी होईल तितका प्रयत्न करा, असं दोनच वचनांनंतर येतं. भरवसा प्रयत्नाची जागा घेत नाही, प्रयत्नातली धास्ती काढून घेतो.

ही गल्लत किती सहज होते, याचं एक ठळक उदाहरण 18 व्या शतकातल्या लंडनमध्ये घडलं. पुढे मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक ठरलेल्या जॉन वेस्ली या इंग्लिश धर्मोपदेशकाला विश्वासाने तारण म्हणजे काय, हे उमगायला मोराव्हियन बंधू या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची मोठी मदत झाली होती. 24 मे 1738 रोजी ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत त्याला ख्रिस्तावरच्या भरवशाची खात्री मिळाली. पुढच्याच वर्षी फेटर लेन इथल्या त्यांच्या मंडळात फिलिप मोल्थर नावाचा शिक्षक आला. ज्याला पूर्ण विश्वास लाभलेला नाही, त्याने देव तो देईपर्यंत स्तब्ध राहावं, प्रभुभोजन, शास्त्रवाचन, प्रार्थना या साधनांच्या मागे लागू नये, नाहीतर तो आपल्या कर्मांवरच विसंबेल, असं तो शिकवू लागला. ऐकायला हे कृपेचंच शिक्षण वाटतं. वेस्लीला त्यातला धोका दिसला. ही साधनं म्हणजे देवाकडून काही कमावण्याची कर्मं नव्हेत. कृपा देण्यासाठी देवानेच नेमलेल्या त्या वाटा आहेत, आणि वाट पाहायची ती त्या वाटांवर उभं राहून. बरेच महिने वाद चालला आणि 20 जुलै 1740 रोजी वेस्ली त्या मंडळातून बाहेर पडला. यावरून मोराव्हियन मंडळी आळशी होती असं कुणी समजू नये. 1727 पासून त्यांच्याकडे अखंड प्रार्थनेची साखळी सुरू होती आणि 1732 पासून त्यांचे मिशनरी समुद्रापार जात होते. इतक्या कष्टाळू, प्रार्थनाशील लोकांमध्येही ही चूक शिरली.

स्वतः देवाचा धीर कसा असतो, ते पाहिलं की दोन्हींतलं अंतर आणखी स्पष्ट होतं. लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मिळत नाही, आणि झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो, पण ते झाडाला तसंच उभं ठेवण्यासाठी नाही. मी त्याच्याभोवती खणीन आणि खत घालीन, असं तो म्हणतो. मिळालेली मुदत खणण्यासाठी आहे. म्हणून ज्याला देवाच्या धीरावर खरोखर विसंबायचं आहे, त्याने मुळांभोवती कुदळ चालणार हे गृहीत धरावं: खटकणारं वचन, मित्राने केलेली कानउघाडणी, मागावी लागलेली क्षमा. ‘देव पाहून घेईल’ म्हणणाऱ्याला मुदत हवी असते, खणणं नको असतं. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल याबद्दल कडकपणे विचारतो: देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेत आहे हे न समजून तू त्याची सहनशीलता तुच्छ मानतोस काय?

पापाविषयी बोलताना हा फरक चटकन कळतो. ‘माझा स्वभावच असा आहे’ इथे बोलणं संपत असेल, तर ते सोडून देणं आहे. भरवसा ठेवणारा तेच पाप शंभराव्यांदा कबूल करतो आणि ज्याला दुखावलं त्याच्याकडे पुन्हा जातो.

निष्क्रियता आणि घाई एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, तरी त्यांची मुळं जवळजवळ असतात. अब्राहामाला वचन मिळालं तेव्हा तो 75 वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा 100. मधल्या काळात पत्नी साराच्या सांगण्यावरून त्याने तिची दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याचा मार्ग धरला आणि 86 व्या वर्षी इश्माएल झाला. देव अजून काही करत नाही असं वाटलं, की एक माणूस बसून राहतो आणि दुसरा देवाचं काम स्वतः उरकायला निघतो. पण त्या 25 वर्षांतला अब्राहाम एवढाच नाही. त्याने वेद्या बांधल्या, लोटाला सोडवून आणलं, सदोमासाठी देवाजवळ रदबदली केली. त्याचं वाट पाहणं रिकामं नव्हतं.

तरी किती हालचाल चालली आहे, यावर भरवसा मोजता येत नाही. संदेष्टा एलीया रानात झाडाखाली मरण मागत झोपी गेला. देवदूताने त्याला दोनदा उठवून खायला-प्यायला दिलं, मध्ये पुन्हा झोपू दिलं. होरेब या देवाच्या डोंगराची 40 दिवसांची वाट त्यानंतर सुरू झाली. दुःखात, आजारपणात किंवा मन पार खचलेलं असताना ज्याच्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्दही निघत नाही, त्याला निष्क्रिय म्हणणं अन्याय आहे. तो देवाकडे पाठ करून बसलेला नाही, त्याच्यात बळ उरलेलं नाही. अशा वेळी दुसऱ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करणं आणि त्याने ती करू देणं, एवढाही भरवसा पुरेसा असतो.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल ही माणसं वेगवेगळी ओळखायला शिकवतो: अव्यवस्थितांची कानउघाडणी करा, अल्पधीराच्या लोकांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या. सहनशीलतेने मात्र सर्वांबरोबर वागा. ही ओळख पौलालाही सोपी गेली नसावी. आधीच्या प्रचारदौऱ्यात पंफुल्या प्रांतात साथ सोडून परत गेलेल्या योहान मार्काला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही, यावरून त्याचं आणि त्याचा सहकारी बर्णबा याचं इतकं बिनसलं की दोघे वेगळ्या दिशांना गेले. बर्णबाने मार्काला बरोबर घेतलं. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतःच मार्काला घेऊन यायला सांगतो, कारण सेवेसाठी तो त्याला उपयोगी आहे. म्हणून कुणाच्या वाढीबद्दल ‘देवाच्या हाती सोड’ किंवा ‘ऊठ, कामाला लाग’ असं सांगण्याआधी समोरचा दमलेला आहे, भ्यालेला आहे की खरोखरच सुस्तावला आहे, हे त्याच्याजवळ बसून विचारावं लागतं.