घाणेरी

घाणेरी (टणटणी) : व्हर्बिनेसी कुलातील काटेरी झुडूप. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. डचांनी ते १७व्या शतकात युरोपात नेले. तिथल्या बागांत त्याच्या नाना रंगांच्या संकरित जाती निघाल्या आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावले. पुढे गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणालाही ते पसंत पडले.

पान चुरगळले की येणाऱ्या उग्र वासावरून नाव पडले. खोड चौकोनी, पाने खरखरीत. फुलांचा गुच्छ जवळून पाहण्याजोगा असतो : मधली ताजी फुले पिवळी, कडेची जुनी गुलाबी किंवा लाल. परागण झालेल्या फुलाचा रंग बदलतो आणि फुलपाखरे पिवळ्यांकडेच वळतात. पिकलेली फळे काळी-जांभळी होतात. बुलबुल ती खातात आणि विष्ठेतून बी रानभर पडते.

दाट सावलीत घाणेरीची वाढ खुंटते. जंगलतोड, वणवा किंवा रस्त्याने रान उघडे पडले की मात्र ती झपाट्याने जागा धरते. सह्याद्रीच्या पायथ्यापासून मेळघाटापर्यंत तिच्या जाळ्या दिसतात. देशातील वाघांचा वावर असलेल्या जंगलांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगलात, म्हणजे ४० टक्क्यांपेक्षा जास्त भागात, ती पसरली आहे. खरे नुकसान या जाळीखाली होते. तिथे गवत उगवत नाही, झाडांची रोपे तग धरत नाहीत, म्हणजे चितळ-सांबरांचा चाराच जातो. फुलपाखरांची गर्दी पाहून तिला निरुपद्रवी मानणे चूक आहे. चाराटंचाईत गुरांनी पाने खाल्ली, तर त्यांतील लँटाडीन या विषामुळे यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हाने नाकपुड्यांभोवतीची कातडी सोलवटते.

कीटकांकरवी तिला आवरण्याचे प्रयत्न हवाई बेटांवर १९०२ मध्ये, तर भारतात १९२१ मध्ये सुरू झाले, पण ती हटली नाही. वरवर छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली, फुटवे येतात त्या भागाच्या खालून तोडतात आणि झुडूप तिथेच उलटे करून ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. कर्नाटकातील मलई महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी कारागीर तिच्या काठ्यांपासून खुर्च्या-टेबले बनवतात. मोकळ्या झालेल्या जमिनीत स्थानिक गवताचे बी टाकावे लागते आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून उगवणारी घाणेरीची रोपे पुढची काही वर्षे दर पावसाळ्यात मुळासकट उपटावी लागतात.