कच्चं हस्तलिखित दाखवण्याइतकी मैत्री

इंग्रजी प्रेमकादंबरी उलटी करून पाहिली, की मलपृष्ठावर बहुधा दुसऱ्या एखाद्या प्रेमकादंबरी लिहिणारीचं कौतुकाचं वाक्य दिसतं. दोघी एकाच फळीवर बसणाऱ्या, एकाच वाचकाच्या पाकिटावर डोळा ठेवणाऱ्या. प्रकाशकाने मागून आणलेली शिफारस म्हणून ते वाक्य सोडून देता येतं, आणि कधी कधी ते तसंच असतंही. पण या धंद्यात लेखिका एकमेकींना मनापासून वाचतात, छापण्याआधीची पानं एकमेकींना दाखवतात, तिघी मिळून एक पुस्तक लिहितात, हेही खरं. या प्रथेला आता शंभर वर्षं झाली. त्या शंभर वर्षांत उचलेगिरीची काही मोठी प्रकरणंही घडली, आणि मला तरी ती मैत्रीच्या गोष्टीतून बाजूला काढता येत नाहीत.

सुरुवात विम्बल्डनच्या एका मुलीपासून करावी लागते. जॉर्जेट हेयरचा जन्म तिथला, 1902 चा. किशोरवयात तिच्या दोन मैत्रिणी होत्या, जोआना कॅनन आणि कॅरोला ओमन. दोघी ऑक्सफर्डच्या विद्वान घरांतल्या आणि तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. जोआनाचे वडील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचा कारभार पाहत, तर कॅरोलाचे वडील सर चार्ल्स ओमन हे लष्करी इतिहासकार. स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर नेपोलियनशी झालेल्या युद्धाचा त्यांनी लिहिलेला इतिहास सात खंडांचा आहे. तिघी भेटत आणि पुस्तकांवर बोलत बसत.

पुढे तिघींनी कादंबऱ्या लिहिल्या, आणि पहिली छापली गेली ती सगळ्यात धाकटीची. जॉर्जेट सतरा वर्षांची असताना आजारी भावाचं, बोरिसचं, मन रमावं म्हणून एक साहसकथा रचून सांगत होती. वडिलांच्या कानावर ती पडली आणि त्यांनी छापण्याचा आग्रह धरला. ‘द ब्लॅक मॉथ’ 1921 मध्ये आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. जोआनाची पहिली कादंबरी 1922 ची आणि कॅरोलाची 1924 ची. तीन-चार वर्षांत एकाच घोळक्यातून तीन लेखिका बाहेर पडल्या.

हेयर आणि ओमन यांनी पुढेही लिहीत असलेलं काम एकमेकींना दाखवण्याची आणि त्यावर टीका करण्याची रीत चालू ठेवली. हेयर यांचा स्वभाव माहीत असलेल्याला यातलं नवल कळेल. त्यांची ‘दीज ओल्ड शेड्स’ 1926 मध्ये ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपाच्या काळात बाजारात आली. वर्तमानपत्रं नाहीत, परीक्षणं नाहीत, जाहिराती नाहीत. तरी 1,90,000 प्रती खपल्या. तेव्हा प्रसिद्धीवाचून आपलं काही अडत नाही, असा निष्कर्ष हेयर यांनी काढला आणि जन्मभर मुलाखत दिली नाही. 1974 मध्ये वारल्या तोवर बहुतेक वाचकांना त्यांचं लग्नानंतरचं नावही ठाऊक नव्हतं. अशी बाई आपलं अर्धवट लेखन कुणाला तरी वाचायला देत होती.

ही मैत्री टिकली याचं एक व्यावहारिक कारणही असावं, असं मला वाटतं. तिघींची दुकानं वेगवेगळ्या गल्लीत थाटली गेली. कॅनन यांनी 1936 मध्ये ‘अ पोनी फॉर जीन’ लिहिली आणि घोडी सांभाळणाऱ्या मुलींच्या गोष्टींची एक लाटच इंग्लंडमध्ये आली. त्यांच्या तीन मुलींनी पुढे तोच वारसा चालवला. ओमन कादंबरीकडून चरित्राकडे वळल्या. नौदलाचा नेल्सन आणि सेनापती सर जॉन मूर यांची त्यांनी लिहिलेली चरित्रं नावाजली गेली आणि मूर यांच्या चरित्राला जेम्स टेट ब्लॅक पुरस्कार मिळाला. हेयर यांनी त्याच नेपोलियनच्या काळात आपली रीजन्सी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली, प्रेमकादंबरी उभी केली. ‘अॅन इन्फेमस आर्मी’मध्ये वॉटर्लूची लढाई आहे, आणि 1940 च्या ‘द स्पॅनिश ब्राइड’मध्ये तेच युद्ध, ज्यावर कॅरोलाच्या वडिलांनी सात खंड खर्ची घातले. काळ एकच, पण एकीचं चरित्र आणि दुसरीची कादंबरी. बांध स्पष्ट होता.

बांध नसला की काय होतं, ते 1950 मध्ये दिसलं. एका वाचकाने हेयर यांना पत्र लिहून कळवलं, की दुसरी एक लेखिका तुमच्या कादंबऱ्यांत बुडी मारून त्यांचा चांगला उपयोग करून घेते आहे. ती लेखिका म्हणजे बार्बरा कार्टलंड. हेयर यांनी तिची पुस्तकं मागवली आणि कारकुनाच्या चिकाटीने यादी केली: कुठलं नाव कुठून आलं, कुठला स्वभाव कुठल्या पात्राचा, कुठला वाक्प्रचार कुठल्या पानावरचा. त्यांना चोरीइतकाच राग आला तो चोरलेल्या मालाची नासाडी झाल्याचा, कारण उचलताना काळाचे संदर्भ चुकले होते. वकिलांनी सुचवलं, की ही बातमी वर्तमानपत्रांकडे जाऊ द्यावी. हेयर नाही म्हणाल्या. खटला झाला नाही, माफीही आली नाही. नक्कल मात्र थांबली, असं दिसतं.

1961 मध्ये दुसऱ्या एका लेखिकेच्या बाबतीत हेच घडलं. काही वाचकांना तर वाटलं, की हेयरच टोपणनावाने हलकं काहीतरी खपवत आहेत. या वेळच्या यादीत एक छोटा पण पक्का पुरावा होता. त्या काळातल्या बोलीतला एक वाक्प्रचार हेयर यांना एका खासगीरीत्या छापलेल्या आठवणींच्या पुस्तकात सापडला होता आणि ते पुस्तक सर्वसामान्य वाचकाला मिळण्यासारखं नव्हतं. तो शब्दप्रयोग त्या लेखिकेच्या हाती हेयर यांच्या कादंबरीवाचून आला कसा? एखादीला दाद देताना तिची वाक्यं तोंडपाठ होतात, आणि तोंडपाठ झालेलं हाताने लिहिलं जातं. इथे तसं नकळत घडलं होतं, यावर हेयर यांचा विश्वास नव्हता.

कार्टलंड प्रकरणानंतर दहाच वर्षांनी, 1960 मध्ये, लंडनमध्ये रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि संस्थापकांत कार्टलंडही होत्या. सोबत कॅथरीन कुकसन, रोझमंड पिल्चर, व्हिव्हियन स्टुअर्ट, नेटा मस्केट अशा खपाऊ लेखिका. पहिल्या अध्यक्ष डेनिस रॉबिन्स. त्यांनी मांडलेली तक्रार साधी होती: वाचनालयांच्या हिशेबाने सर्वांत जास्त लोकांना सर्वांत जास्त आनंद देणारा हा प्रकार, पण तो लिहिणारीला त्याबद्दल जवळजवळ माफी मागावी लागते. परीक्षणात जागा नाही, पाहुण्यांत बसल्यावर आपण काय लिहितो ते सांगायची चोरी. बाहेरच्यांनी नाक मुरडल्यावर आतल्यांनी एकत्र यायचं, हे सगळ्या जगात होतं. या संस्थेने मात्र त्यापुढे जाऊन एक वेगळी गोष्ट केली. एकही पुस्तक न छापलेल्या होतकरू लेखिकांना तिने दार उघडलं. त्यांनी पूर्ण कादंबरीचं हस्तलिखित पाठवायचं आणि छापलेल्या लेखिकेने ते वाचून सविस्तर अभिप्राय लिहायचा. हेयर आणि ओमन दोघींपुरतं जे करत होत्या, ते इथे वर्गणी भरून कुणालाही मिळू लागलं.

या संस्थेच्या वीस वर्षं अध्यक्ष राहिलेल्या बाईंची गोष्ट एखाद्या प्रेमकादंबरीत घातली, तर संपादक अतिशयोक्ती म्हणून कापेल. मेरी बर्शेल या नावाने मिल्स अँड बूनसाठी शंभरावर कादंबऱ्या लिहिणाऱ्या आयडा कुक. पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या लायब्रऱ्यांमधून मिल्स अँड बूनचे गठ्ठे नेणाऱ्या कित्येकींनी त्यांना वाचलं असेल, आणि लेखिकेचं खरं नाव कधी विचारलं नसेल. आयडा आणि थोरली बहीण लुईस सरकारी कचेरीत काम करत. दोघींना ऑपेराचं वेड. न्यूयॉर्कला जाऊन आवडती गायिका ऐकायची म्हणून पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते. त्या नादातून कलाकारांशी ओळखी झाल्या, आणि त्या ओळखींतून 1934 नंतर नाझी जर्मनीतल्या ज्यू कुटुंबांची विनवणी आली. बहिणी शनिवार-रविवार गाठून जर्मनीला जात. येताना त्या कुटुंबांचे दागिने आणि फरचे कोट अंगावर घालून सीमा ओलांडत. कोटांना आधीच लंडनच्या दुकानांच्या चिठ्ठ्या शिवलेल्या असत. सोमवारी लुईस पुन्हा कचेरीत हजर. ऑपेरावेड्या दोन विक्षिप्त अविवाहित बायका, अशी कुणाचीही समजूत व्हावी, हीच त्यांची ढाल होती. एकूण 29 जणांना त्यांनी बाहेर काढलं. या खटाटोपाचा मोठा खर्च मेरी बर्शेलच्या प्रेमकादंबऱ्यांनी उचलला. पुढे इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मृतिसंस्थेने दोघी बहिणींचा सन्मान केला, आणि 1966 पासून 1986 मध्ये निधन होईपर्यंत आयडा लंडनच्या लेखिकांच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या.

अमेरिकेत लेखिकांची संघटना बांधण्याचं काम लंडननंतर वीस वर्षांनी सुरू झालं, आणि ते एका संपादिकेने केलं. व्हिव्हियन स्टीव्हन्स या न्यूयॉर्कच्या प्रकाशनविश्वात मोजक्याच असलेल्या कृष्णवर्णीय संपादकांपैकी एक. त्यांच्या पुढाकाराने 1980 मध्ये ह्यूस्टनमध्ये रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी टेक्ससमध्ये पहिली परिषद भरली. तिथेही अप्रकाशित लेखिकांना पूर्ण सभासदत्व होतं. सभासद पुढे दहा हजारांच्या आसपास गेले.

त्या पिढीचं सर्वांत मोठं नाव नोरा रॉबर्ट्स. 1979 च्या हिमवादळात दोन लहान मुलांसह घरात अडकून पडल्या असताना त्यांनी लिहायला घेतलं. हार्लेक्विनने त्यांना नकार दिला, तोही अजब कारण सांगून: आमच्याकडे आधीच एक अमेरिकन लेखिका आहे. ती एक म्हणजे जॅनेट डेली. दोन वर्षांनी रॉबर्ट्स यांची पहिली कादंबरी दुसऱ्या प्रकाशनाने काढली. पुढे दोघीही लाखोंनी खपल्या. 1997 मध्ये एका वाचकाच्या लक्षात आलं, की डेली यांच्या पुस्तकातले उतारे रॉबर्ट्स यांच्या पुस्तकाशी जुळतात, आणि तिने ते शेजारीशेजारी ठेवून इंटरनेटवर टाकले. डेली यांनी चोरी कबूल केली आणि मानसिक ताणाचं कारण दिलं. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं आणि मिळालेली रक्कम रॉबर्ट्स यांनी साक्षरतेच्या कामाला दिली. 1950 मध्येही चोर पकडून देणारा वाचकच होता. समीक्षक या पुस्तकांकडे फिरकत नसल्याने दुसरं कोण पकडणार?

मजा अशी, की त्यानंतर एकत्र लिहिणं कमी न होता वाढलं. ‘ब्रिजर्टन’वाल्या ज्युलिया क्विन, शेक्सपिअर शिकवणाऱ्या आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या प्राध्यापिका एलोइझा जेम्स आणि कॉनी ब्रॉकवे या तिघींनी ‘द लेडी मोस्ट लाइकली’ ही तीन भागांची एकच कादंबरी मिळून लिहिली, आणि मग तशीच दुसरीही. एकीचं पात्र दुसरीच्या भागात जाऊन बोलतं. इथे उसनवारी उघड आहे, आणि तिघींची नावं मुखपृष्ठावर आहेत.

अमेरिकन संस्थेची गाडी मात्र मैत्रीच्याच प्रश्नावर अडली: ही मैत्री नक्की कुणाकुणाशी? तिच्या मानाच्या ‘रीटा’ पुरस्काराची 2019 पर्यंत एकही कृष्णवर्णीय मानकरी नव्हती, आणि संस्था तर एका कृष्णवर्णीय बाईने जमवून आणलेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका जुन्या पुस्तकाला वंशवादी म्हटल्याबद्दल लेखिका कोर्टनी मिलन यांना निलंबित केलं गेलं. गदारोळ झाला, निर्णय मागे घेतला गेला, मंडळाने राजीनामे दिले, आणि पुरस्काराला स्टीव्हन्स यांचं नाव देण्यात आलं. तोवर सभासद निघून गेले होते. दहा हजारांचे दोन हजार उरले आणि मे 2024 मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

लंडनची संस्था चालू आहे. नवोदितांच्या योजनेच्या जागा मर्यादित असतात आणि त्या लवकर भरतात. हस्तलिखित वाचणारी लेखिका कोण, हे पाठवणारीला कळू दिलं जात नाही. अभिप्रायाखाली नाव नसतं. त्यामुळे पहिली कादंबरी छापून आल्यावर आभाराच्या पानात नक्की कुणाचं नाव घालायचं, हे त्या नव्या लेखिकेला ठाऊक नसतं.