शिकारी सुरी

शिकारी सुरी : मुठीत पक्के बसवलेले, न मिटणारे पाते असलेली आखूड सुरी. शिकार पडल्यावर जनावराचे पोट फाडून आतडी काढणे, कातडे सोलणे, सांधे मोकळे करणे ही तिची कामे. जनावर मारण्याचे काम भाला, बाण किंवा बंदूक करते. सुरीच्या वाट्याला ते क्वचितच येते. एवढे ध्यानात घेतले की पात्याची लांबी, टोकाची जागा आणि धारेचा कोन यांचा बराचसा उलगडा होतो. पाते साधारण ९ ते १२ सेंमी. लांब आणि पाठीशी ३ ते ४ मिमी. जाड असते. मिटणाऱ्या चाकूत बिजागरीचा सांधा कमकुवत असतो आणि खाचेत रक्त, चरबी व केस साचतात. रानात पाणी बेताचेच मिळते, त्यामुळे धुवायला सोपी ही गोष्ट मजबुतीइतकीच मोलाची.

उगम : पाते, मूठ आणि म्यान या तीन अंगांनी पूर्ण झालेली सुरी लोखंडाच्या बरीच आधीची आहे. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ चकमकीच्या दगडाचे छोटे पाते, लाकडी मूठ आणि झाडाच्या सालीच्या धाग्यांचे विणलेले म्यान होते. सगळी मिळून लांबी सुमारे १३ सेंमी.; आजच्या शिकारी सुरीपेक्षाही आखूड. गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ (उसगाळीमळ) येथे जांभ्या खडकावर कोरलेली जनावरांची चित्रे १९९३ मध्ये प्रकाशात आली. रानातील जनावरांकडे बारकाईने पाहणारी माणसे या भूमीवर फार जुन्या काळापासून वावरत होती, याची ती साक्ष आहे.

युरोपात राजेरजवाड्यांच्या शिकारीत जखमी हरीण वा डुक्कर संपवण्यासाठी लांब शिकारी तलवार वापरत. बंदुका भरवशाच्या झाल्या तशी तिची गरज सरली आणि मागे उरली ती कापाकापीची आखूड सुरी. अमेरिकेत मात्र मधेच एक फाटा फुटला. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीतील वाळूच्या बेटावर झालेल्या चकमकीनंतर जेम्स बोवी आणि त्याची मोठी सुरी यांचा फार बोलबाला झाला. बोवी सुरी मुळात झुंजीची. तरी चित्रांतल्या शिकाऱ्याच्या कमरेला तीच लटकू लागली आणि ‘शिकारी सुरी म्हणजे हातभर पाते’ हा गैरसमज रूढ झाला. सोलताना असे पाते हाताला जड होते आणि टोक कुठे चालले आहे ते कळत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मिशिगनमधील मार्बल यांच्या कारखान्याने शिकाऱ्यांसाठी सुऱ्या मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. पण आजच्या सुरीच्या घडणीवर सर्वांत खोल ठसा अमेरिकन सुरी-कारागीर बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) यांचा. १९५४ मध्ये दुकानात हवी ती सुरी मिळायला बरेच महिने लागतील असे कळल्यावर त्यांनी भंगारातल्या पॅकार्ड मोटारीच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पोलादातून स्वतःच एक सुरी घडवली. पुढे त्यांची उतरत्या टोकाची सुरी जगभरच्या कारागिरांनी गिरवली.

टोक आणि पोट : उतरत्या टोकाच्या पात्यात पाठ पुढे हळूहळू खाली येते आणि टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ राहते. जनावराचे पोट फाडताना धार वर करून, टोकावर बोट ठेवून सुरी पुढे सरकवतात. अशा वेळी टोक वर उचललेले असेल तर ते आतड्यात घुसते आणि मांस नासते. बोवी पद्धतीच्या, पाठीला काप दिलेल्या टोकात हा धोका जास्त. भोसकायला मात्र ते उत्तम. धारेच्या पुढच्या गोलाईला पोट म्हणावे. ते जितके भरलेले, तितके कातडे लांब ओढीने सुटते. सोलण्याच्या खास सुरीला ते मोठे असते. काही सुऱ्यांच्या पाठीवर जनावराचे पोट उसवण्यासाठी आकडा काढलेला असतो. तो नीट धारदार ठेवणे कटकटीचे असते. सराईत हाताला त्याची गरज भासत नाही.

धार : धारेचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. पाते पाठीकडून धारेकडे कसे पातळ होत जाते, हा एक. आणि शेवटच्या कडेला दोन्ही बाजूंनी कोणता कोन दिला आहे, हा दुसरा. पोकळ घासणीत पाते गोल चाकावर धरून दोन्ही अंगांनी खोलगट करतात. धारेमागचे पोलाद फार पातळ राहते, म्हणून कातडे सहज फाटते. हाडावर आपटले तर कपचा उडतो. सपाट घासणीत पाठ ते धार सरळ उतार असतो. ती कशातच पहिली येत नाही आणि कशातच नापास होत नाही. एकच सुरी घ्यायची असेल तर हीच घ्यावी. फुगीर घासणीत धारेच्या मागे पोलादाचा भरणा राहतो, तो घाव सोसतो. कुऱ्हाडीची धार अशीच असते. उत्तर युरोपातील सुऱ्यांत पात्याच्या मध्यापासून निघालेला एकच रुंद उतार थेट धारेत संपतो. दगडावर तो जसाच्या तसा टेकवता येतो, त्यामुळे धार लावणे सोपे जाते.

कडेचा कोन शिकारी सुरीत प्रत्येक बाजूला साधारण २० अंश ठेवतात. त्याहून कमी केला तर धार जास्त लागते, पण लवकर वळते किंवा तुटते. तो कोन टिकेल की नाही हे पोलादावर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड करण्यावर, ठरते. चांगल्या सुरीचा कठीणपणा रॉकवेल मापाने ५८ ते ६० भरतो. पाणी देऊन तसेच सोडलेले पाते काचेसारखे तडकते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो.

गोव्यातील स्थिती : गोव्याच्या रानात ही सुरी कधी रुजली नाही, कारण तिची जागा कोयत्याने आधीच व्यापली होती. सत्तरी, सांगे, काणकोण भागात कमरेच्या लाकडी आकडीत अडकवलेला कोयता वाट काढतो, फांदी तोडतो, नारळ सोलतो. पूर्वी पारध होई तेव्हा पुढचे कामही त्याच्याकडेच येई. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो आणि तेच पोलाद लोहाराच्या भट्टीत कोयता होते. लव्हलेस यांनी भंगारात जे शोधले, ते इथल्या भट्टीला नवे नाही. धारेच्या बारकाईत मात्र कोयत्यापेक्षा रेंदेराची, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याची, काती सरस. माडाच्या पोयीचा (फुलोऱ्याचा) पातळ काप रोज काढायचा, तोही पोय न चिरडता. त्यासाठी लागणारी धार बहुतेक शिकारी सुऱ्यांनाही नसते.

शिकार आता बेकायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने ती आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये जाहीर झाली. त्यामुळे गोव्यात ही सुरी आज दिसते ती छंदिष्टांकडे आणि रानात तंबू ठोकणाऱ्यांकडे. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांची गणना शस्त्रांत होते. घरगुती व शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून हातभर कोयता भर बाजारातून नेला तरी कोणी वळून पाहत नाही आणि चार इंचांची सुरी कमरेला दिसली की चौकशी होते.

इथली दमट, खारी हवा पोलादाची वैरी. कार्बन पोलादावर पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस डाग येतात. ४४०सी सारख्या स्टेनलेस पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असल्याने ते बरेच तग धरते, पण पूर्ण गंजमुक्त तेही नाही. चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते, म्हणून सुरी त्यात फक्त नेताना ठेवावी. एरवी ती कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवतात.