गोंदण आणि अर्धस्थायी मेकअप

सुईने किंवा बारीक पात्याने त्वचेत रंग भरण्याच्या दोन पद्धती. पहिली जुनी लोकपरंपरा, तर दुसरी गेल्या काही दशकांत ब्यूटी पार्लर आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून रुळलेली. भुवयांत केसासारख्या रेघा ओढणे (मायक्रोब्लेडिंग), ओठ रंगवणे, पापणीच्या कडेला कायमची काजळरेघ भरणे हे दुसरीचे प्रमुख प्रकार.

महाराष्ट्रात गोंदणाऱ्या बायका जत्रांत, आठवडी बाजारांत बसत किंवा दारोदार फिरत. काजळीत पाल्याचा रस कालवायचा, सुयांच्या जुडग्याने टोचायचे आणि वर हळद दाबायची, अशी रीत. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन ही नेहमीची चिन्हे. दागिने इथेच राहतात, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येते, अशी समजूत होती. न पुसणे हाच त्याचा गुण. मेकअपच्या बाबतीत नेमका तोच दोष ठरतो, कारण भुवयांची फॅशन बदलते आणि वयाबरोबर चेहराही.

‘गोंदण खोल, मेकअप वरवरचा’ ही पार्लरमध्ये ऐकू येणारी विभागणी अर्धीच खरी आहे. बाह्यत्वचा साधारण महिना-दीड महिन्यात झडून नवी होते. रंग तिच्यातच थांबला, तर तेवढ्यातच निघून जाईल. मायक्रोब्लेडिंग एक ते तीन वर्षे टिकते, ते रंग खालच्या अंतस्त्वचेच्या वरच्या थरात पोहोचतो म्हणून. तिथे भक्षकपेशी रंगकण गिळून धरून ठेवतात. गोंदणही याच कारणाने टिकते. फरक पडतो तो खोली, रंगाचे प्रमाण आणि मुख्यतः रंगद्रव्य यांमुळे. काजळीतला कार्बन जवळजवळ अढळ असतो, फक्त त्वचेखालून निळसर-हिरवा दिसतो. मेकअपमध्ये लोहाची ऑक्साइडे पुष्कळ वापरतात. मिश्रणातले रंग कमी-अधिक वेगाने विटतात आणि तपकिरी भुवया कधी लालसर, कधी राखाडी होतात. काहींचा रंग पुरता जातच नाही. लेझरने काढू गेल्यास लोह किंवा टायटॅनियमयुक्त रंग उलट काळा पडू शकतो, त्यामुळे आधी छोट्या जागेवर चाचणी घेतात.

निर्जंतुक न केलेल्या सुईतून हेपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ पसरण्याचा धोका दोन्हींत सारखाच आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२पासून लागू केलेले रसायनांवरचे निर्बंधही टॅटूची शाई आणि पर्मनंट मेकअपचे रंग या दोहोंना एकत्रच लागू होतात.