मानक पाळलं म्हणजे कायदा पाळला असं होत नाही

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही निर्यातदाराकडे जा, भिंतीवर आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) मानकांची दोन-तीन सर्टिफिकेटं फ्रेम करून टांगलेली दिसतील. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मालाच्या कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की येणाऱ्या वाक्याला: "कार्बनचं ना? आपलं झालंय साहेब, आयएसओ आहे." हे ऐकून कान किटलेत. सल्लागार मंडळीही ते खोडून काढत नाहीत, उलट त्यावरच बिलं फाडतात.

मानक म्हणजे काय, हे तुम्हा क्वालिटीवाल्यांना सांगायला नको. ऑडिट, एनसी (त्रुटीची नोंद), तिचं क्लोजर यात हयात गेली तुमची. १४००१ पर्यावरण व्यवस्थापनाचं, १४०६४ कंपनीच्या उत्सर्जनाच्या हिशेबाचं, १४०६७ एका वस्तूच्या कार्बन फूटप्रिंटचं, म्हणजे तिच्यापायी होणाऱ्या उत्सर्जनाचं. या आकड्यांचाही घोळ होतो, पण तो पहिलं पान वाचलं की सुटतो.

न सुटणारा घोळ आहे मानक आणि तांत्रिक नियम यांचा. जागतिक व्यापार संघटनेचा टीबीटी (व्यापारातल्या तांत्रिक अडथळ्यांवरचा) करार १९९५ पासून लागू आहे आणि त्याच्या पहिल्याच परिशिष्टात दोन्हींची व्याख्या आहे. दोन्हींत मजकूर एकाच जातीचा असतो: वस्तू कशी असावी, कशी बनवावी, लेबल कसं असावं. फरक इतकाच की नियम पाळणं सक्तीचं, मानक पाळणं सक्तीचं नाही. त्यामुळे कागदाचा मजकूर वाचून काही कळत नाही, त्यामागे कायदा उभा आहे का हे पाहावं लागतं.

घरातल्या छताच्या पंख्याचंच बघा. त्याच्यावरचं स्टार लेबल आधी ऐच्छिक होतं, १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. लेबल तेच, पण आता त्याच्याशिवाय पंखा विकता येत नाही. तो कागद मानकाच्या कप्प्यातून उठून नियमाच्या कप्प्यात गेला.

कप्पा बदलला की सरकारची बंधनंही बदलतात. सक्तीचा नियम परदेशी मालाला सापत्न वागणूक देऊ शकत नाही. पर्यावरण रक्षणासारखा रास्त हेतू साधायला लागते त्यापेक्षा जास्त आडकाठी तो व्यापाराला करू शकत नाही. योग्य आंतरराष्ट्रीय मानक असेल तर नियमाचा पाया तेच असावं लागतं, ते त्या हेतूला कुचकामी किंवा गैरलागू असेल तर गोष्ट वेगळी. मसुदा आधी इतर देशांना कळवायचा आणि नियम जाहीर केल्यापासून लागू करेपर्यंत साधारण सहा महिने तरी द्यायचे. आयएसओच्या कागदाला वजन येतं ते इथे, कारण देश तो उचलून आपल्या नियमात घालू शकतात. पण तसा घातलेला नसेल, तर तो कागद आणि कायदा यांची गाठ पडलेली नसते.

आता सगळ्यांना फसवणारी गोष्ट. जर्मनीतला खरेदीदार म्हणतो, १४०६७ चा रिपोर्ट दिल्याशिवाय ऑर्डर नाही. तुमच्या दृष्टीने ही सक्तीच, पण कराराच्या दृष्टीने नाही, तो फक्त गिऱ्हाइकाचा हट्ट आहे. तिथल्या सरकारने तेच मागितलं तर भारत सरकार जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, प्रश्न विचारू शकतं. गिऱ्हाइकाशी मात्र तुम्हालाच भावात घासाघीस करावी लागते. "सगळे मागतात म्हणजे सक्तीचंच" असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: कुठल्या कायद्याचं कलम? तिथे गाडी थांबते.

एक पाचर मात्र आहे. जागतिक व्यापार संघटनेतला मेक्सिको विरुद्ध अमेरिका, ट्यूना माशाचा खटला, अपील निकाल २०१२. 'डॉल्फिन-सुरक्षित' (मासा पकडताना डॉल्फिनना इजा झाली नाही असं सांगणारं) हे लेबल लावलंच पाहिजे असं नव्हतं, बिनलेबलाचा मासाही अमेरिकेत विकता येत होता. पण तसा दावा करायचा तर अमेरिकन कायद्याच्या अटींखेरीज दुसरी वाटच नव्हती. म्हणून ऐच्छिक दिसणारं ते लेबल तांत्रिक नियमच ठरलं. उद्या एखाद्या देशाने 'हरित पोलाद' म्हणवून घेण्याची एकच वाट कायद्याने ठरवली, तर याच निकालाची पानं उलटली जातील.

आणि सीबॅम? आयात मालाच्या उत्सर्जनावर लागणारा युरोपीय संघाचा हा कार्बन आकार १ जानेवारी २०२६ पासून पैसे मोजायच्या टप्प्यात आला. तो मानक तर नाहीच, आणि माझ्या मते टीबीटीतला तांत्रिक नियमही नाही. समजा तुम्ही बोल्ट पाठवता. तो असा-असाच हवा, असं सीबॅम म्हणत नाही. कितीही धूर काढून बनवलेला बोल्ट पाठवा, तिथला आयातदार त्याचे पैसे भरेल. म्हणून त्यावरचं भांडण मुख्यतः गॅटच्या (वस्तूंच्या व्यापाराच्या मूळ कराराच्या) कलमांवर चालतं.

त्याची मोजणीही त्याच्याच नियमांनी होते, १४०६७ ने नव्हे. छपरावर सोलर बसवलं की १४०६७ चा आकडा खाली येतो, कारण त्यात वीज मोजली जाते. सीबॅममध्ये लोखंड-पोलादाच्या मालासाठी विजेचं उत्सर्जन सध्या धरतच नाहीत. मुख्य म्हणजे ज्या वायररॉडपासून (जाड पोलादी तारेपासून) बोल्ट बनला त्याचं उत्सर्जन धरतात. बहुतेक आकडा तिथूनच येतो. म्हणजे सोलरवरचा खर्च इथे शून्य कामाचा, आणि रॉड कोळशावर लोहखनिज वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसचा की भंगार वितळवणाऱ्या इलेक्ट्रिक भट्टीचा, यावर सगळा खेळ. खरा आकडा दाखवायचा तर तो मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, नाहीतर आयातदार ठरवून दिलेले चढे आकडे लावून मोकळा होतो.

मिलच्या एमटीसीवर (पोलादाच्या तपासणी दाखल्यावर) केमिकल आणि मेकॅनिकल गुणधर्म मिळतात, उत्सर्जन मिळत नाही. ते पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतानाच लिहून मागा. कंटेनर न्हावा शेव्याला लागल्यावर मागितलंत तर मिलवाला फोनही उचलणार नाही.