चिनी ‘ह्वो’ आणि आपला ‘अग्नी’: नाव एक, घर वेगळं

तोंड आलं की आपल्याकडे घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "उष्णता वाढलीय." मग सब्जा भिजतो, गुलकंदाची बरणी निघते, धने-जिऱ्याचं पाणी होतं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात याच तक्रारीला ‘शांगह्वो’ म्हणतात, म्हणजे आग (‘ह्वो’) वर चढली. लिची जास्त खाल्ली, तळलेलं जास्त झालं, जागरण झालं, की तिथली आजी कडू वनस्पतींचा ‘ल्यांगछा’ नावाचा काढा प्यायला लावते. २००६ साली चीनने या काढ्याची परंपरा राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घेतली.

इतकं साम्य दिसल्यावर दोन्हीकडचं अग्नितत्त्व एकच, असं वाटणं साहजिक आहे. पण ते एक नाही. ॲक्युप्रेशरचे आणि ‘पाच तत्त्वां’चे तक्ते हल्ली मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यांत हृदय, जठर, पित्त, उन्हाळा आणि लाल रंग असं सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या गर्दीत दोन्ही शास्त्रांचा विचार हरवतो.

गोंधळाचं मूळ भाषांतरात आहे. चिनी शब्द ‘वूशिंग’. त्यातला ‘वू’ म्हणजे पाच आणि ‘शिंग’ म्हणजे चालणं. युरोपीय भाषांतरकारांनी त्याला ‘एलिमेंट’ म्हटलं, आपल्या महाभूतांनाही तोच शब्द लावला, आणि मराठीत येताना दोघांचं ‘तत्त्व’ झालं. प्रत्यक्षात चिनी पाच म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. त्यांत आकाश नाही, वायूही नाही. शिवाय ही शरीर घडवणारी द्रव्यं नसून बदलाच्या पाच चाली आहेत. ‘शूचिंग’ या प्राचीन ग्रंथात पाण्याचा स्वभाव भिजवत खाली जाणं आणि अग्नीचा स्वभाव भडकत वर जाणं असा सांगितलाय. लाकूड अग्नीला वाढवतं, अग्नी माती करतो, पाणी अग्नीला आवरतं, अग्नी धातूला आवरतो. चिनी वैद्याला अग्नी या साखळीतच दिसतो. आयुर्वेदात तेज हे महाभूत आहे. शरीर ज्यांचं बनलंय, त्या पाचांपैकी ते एक.

खरा फरक मात्र अग्नी राहतो कुठे, यात आहे.

आपला अग्नी पोटात आहे. जेवणाला यज्ञकर्म म्हणणारी आपली संस्कृती. तिच्या वैद्यकात जाठराग्नी केंद्रस्थानी असणारच. आयुर्वेद तेरा अग्नी मोजतो: एक जाठराग्नी, पाच महाभूतांचे पाच भूताग्नी, आणि रस-रक्त-मांस अशा सात शरीरधातूंचे सात धात्वग्नी. त्यांत जाठराग्नी प्रमुख, बाकीचे त्याच्या बळावर चालतात. तो सम आहे, विषम आहे, तीक्ष्ण आहे की मंद, हे वैद्य आधी बघतो. भूक मेली, जेवण अंगावर येतंय, जिभेवर पांढरा थर आहे, की निदान ‘अग्निमांद्य’.

चिनी वैद्याकडे हाच रुग्ण गेला तर तो अग्नीपासून सुरुवात करणार नाही, मातीपासून करेल. पचन तिथे प्लीहा आणि जठराचं काम, आणि ही जोडी मातीची. अग्नीचं घर हृदय. त्याचं जोडीदार इंद्रिय लहान आतडं, आणि सोबत हृदयावरण व ‘सानज्याव’ नावाची, शरीराच्या तीन भागांना जोडणारी व्यवस्था. ‘ह्वांगदी नेइचिंग’ या मूळ ग्रंथात हृदयाला राजा म्हटलंय. मनाची जाण, म्हणजे ‘शन’, तिथे वसते. म्हणून चिनी अग्नी बिघडला की पोटाआधी झोप आणि मन बिघडतं. जिभेचं टोक लालबुंद होतं, तोंड येतं, माणूस तळमळत राहतो, आणि लघवीला जळजळ होते. शेवटचं लक्षण ऐकून आपण चक्रावतो, पण त्यांच्या हिशोबात हृदयाची आग जोडीदार लहान आतड्यात उतरली की ती लघवीवाटे जाणवते. (हे हृदय म्हणजे ईसीजीत दिसणारं हृदय नव्हे. छातीत कळ आली तर कुठल्याच तक्त्यात न बघता थेट रुग्णालय गाठावं.)

एक अपवाद सांगायलाच हवा. पुढच्या काळातल्या चिनी वैद्यांनी मूत्रपिंडांशी जोडलेला ‘मिंगमन’चा अग्नी मानला. भांड्याखालच्या जाळासारखा तो प्लीहा-जठराला ऊब देतो. इथे ते आपल्या जाठराग्नीच्या अगदी जवळ येतात. उलट बाजूने आपलं साधक पित्त (पित्त म्हणजे शरीरातलं अग्नीचं रूप) हृदयात राहतं आणि बुद्धी-स्मृती सांभाळतं. ते त्यांच्या ‘शन’च्या शेजारचं वाटतं. दोघांची कुंपणं इथे एकमेकांना लागतात, तरी दोघांना एकच मानण्याइतका हा पुरावा नाही.

ज्ञानेंद्रियांचं थोडक्यात सांगता येतं: आपल्याकडे तेज म्हणजे डोळा, त्यांच्याकडे अग्नी म्हणजे जीभ. डोळा ते यकृताला, म्हणजे लाकडाला देतात.

मला सगळ्यात जास्त गुंतवणारा भाग चवींचा आहे. आयुर्वेदात अग्नीचा रस, म्हणजे चव, कटु, म्हणजे आपलं तिखट. त्यात वायू आणि अग्नी. कडू चवीला तिथे तिक्त म्हणतात (मराठीत हे शब्द जागा बदलून बसलेत, त्यामुळे वाचताना जपावं). तिक्तात वायू आणि आकाश आहेत, अग्नीचा अंश नाही, म्हणून ती पित्त शमवते. चीनमध्ये नेमकं उलटं: कडू ही अग्नीचीच चव, आणि तिखट गेलं धातूकडे, फुप्फुसाकडे. म्हणजे मिरची आपल्या तक्त्यात आग आणि त्यांच्या तक्त्यात धातू. एकाचा तक्ता वाचून दुसऱ्याचं पथ्य ठरवलं तर काय होईल, याचा अंदाज यावरून यावा.

औषध देताना मात्र दोघांचे हात एकाच चवीकडे जातात. हृदयाची आग उतरवायला चिनी वैद्य ‘ह्वांगल्येन’ हे पिवळं, विलक्षण कडू मूळ वापरतो. आपला वैद्य पित्तावर आणि तोंड आल्यावर दारुहळद वापरतो. तीही पिवळी, तीही कडू. दोन्हींत बर्बेरिन हे एकच द्रव्य आहे. चिनी वैद्य म्हणेल, हे कडू हृदयात जाऊन आग खाली आणतं. आपला वैद्य म्हणेल, यात आग नाहीच, म्हणून पित्त निवतं.