कुंडीतील माती व पाण्याचा सामू : कोल्हापूर परिसर

कुंडीत वाढणाऱ्या झाडाच्या मुळांभोवतीचे मिश्रण आणि त्याला घातले जाणारे पाणी यांची आम्लता किंवा विम्लता (अल्कधर्मीपणा) झाडाला मानवेल अशा मर्यादेत राखणे, याला सामूचे व्यवस्थापन म्हणतात. सामू म्हणजेच पीएच. ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. तिच्यावर ७ हा आकडा उदासीन असून त्याखालचे आकडे आम्लता आणि वरचे आकडे विम्लता दाखवतात. ही पट्टी दहापटीने चढते-उतरते, हे ध्यानात ठेवणे फार गरजेचे आहे. सामू ६ वरून ७ झाला की आम्लता दहा पटींनी घटते आणि ६ वरून ८ झाला की शंभर पटींनी. त्यामुळे कागदावर किरकोळ दिसणारा अर्ध्या अंकाचा फरकही मुळांच्या दृष्टीने किरकोळ नसतो.

शेतातील मातीला खोली आणि विस्तार असल्याने ती बाहेरून आलेले आम्ल वा चुना बराच काळ पचवू शकते. दहा इंची कुंडीत मात्र जेमतेम आठ-नऊ लिटर मिश्रण मावते आणि त्यातून वर्षभरात त्याच्या दहा-बारा पट पाणी सहज जाते. म्हणूनच कुंडी भरताना कोणती माती घातली, यापेक्षा पुढे तिला कोणते पाणी मिळाले, यावर काही महिन्यांनंतरचा सामू अधिक अवलंबून असतो. कुंडीची माती हळूहळू पाण्याचा स्वभाव घेते. मातीची काळजी करणारे पुष्कळ असतात, पाण्याची चौकशी करणारे थोडे, आणि कुंड्यांमधील बहुतेक पिवळेपणाचे मूळ तेथेच सापडते.

कोल्हापूरची माती : जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या अंगाने शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांत जांभा खडकापासून झालेली तांबडी माती आढळते. तेथील मुसळधार पावसाने मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेल्यामुळे ती आम्लधर्मी असते. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळा परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. चहाला साधारण ४.५ ते ५.५ सामूची जमीन लागते, हे पाहता त्या निवडीमागील जाण लक्षात येते. पूर्वेकडे हातकणंगले, शिरोळ भागात पाऊस घटत जातो आणि भारी काळी माती लागते. तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान राहतो आणि नदीकाठच्या अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनींत तो त्याहूनही वर जातो. कोल्हापूर शहर या दोन्हींच्या मध्ये वसलेले असल्याने रोपवाटिकेतून आणलेले ‘लाल मातीचे पोते’ आणि शेतावरून आणलेली काळी माती अशा परस्परविरुद्ध स्वभावाच्या दोन मात्या एकाच गच्चीवर शेजारी-शेजारी नांदताना दिसतात.

निव्वळ काळी माती कुंडीत भरू नये. ती पाण्याने चिकट होते, वाळली की भेगाळून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि तिच्यातील चुनखडीमुळे सामू खाली आणण्याचे सारे प्रयत्न निष्फळ ठरतात. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेले कोकोपीट यांचे मिश्रण बहुतेक झाडांना मानवते. कोकोपीटचा सामू साधारण ५.५ ते ६.५ असतो, तर शेणखत व गांडूळखत बहुधा ७ च्या वर असतात. त्यामुळे खत सढळ हाताने घातले की मिश्रण आम्लधर्मी राहत नाही, हे अनंत किंवा ब्लूबेरी यांसारखी झाडे लावणाऱ्याने आधीच जमेस धरावे. जुन्या बांधकामाचा राडारोडा निचऱ्यासाठी तळाशी घालण्याची सवय हानिकारक आहे, कारण त्यातील चुना व सिमेंट पुढे कित्येक महिने पाझरत राहतात. नव्या सिमेंटच्या कुंड्याही याच कारणासाठी आठवडाभर पाण्यात बुडवून, पाणी दोन-तीनदा बदलून मगच वापराव्यात.

पाणी : शहराला पुरवले जाणारे नदीचे व धरणाचे पाणी पश्चिमेच्या पावसाळी डोंगरांतून येते आणि ते तुलनेने हलके असते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या घाटमाथ्यालगत उगम पावून पंचगंगेत एकत्र येतात. भोगावतीवरील राधानगरी धरण ही शाहू महाराजांचीच देणगी. बोअरचे पाणी याहून वेगळे. बेसाल्ट खडकाच्या फटींत दीर्घकाळ मुरलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. जड पाण्याच्या या घरगुती खुणा कुंडीसाठीही तितक्याच बोलक्या आहेत. मातीच्या कुंडीच्या बाहेरील अंगावर आणि मिश्रणाच्या पृष्ठभागावर जमणारी पांढुरकी खपली हा त्याच क्षारांचा माग होय.

येथे पाण्याचा सामू आणि पाण्याची विम्लता या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात आणि नेमकी हीच बाब सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. सामू त्या क्षणीची स्थिती सांगतो. पाण्याच्या बाबतीत विम्लता मात्र आम्ल शोषून घेण्याची त्याची एकूण ताकद सांगते आणि ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. ८ सामूचे पण कमी बायकार्बोनेटचे पाणी मिश्रणाला फारसे हलवू शकत नाही, ७.४ सामूचे पण बायकार्बोनेटने भरलेले पाणी त्याला महिनोन्‌महिने वर ढकलत राहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, सामू ६.५ ते ८.५ आणि एकूण विम्लता कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरली आहे. दुसरा स्रोत नसेल तर ती ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. कुंडीला मात्र लिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या आतले पाणी सोयीचे असते. म्हणजे माणसाला चालणारे पाणी झाडाला चालेलच असे नाही.

समजा बोअरच्या पाण्याची विम्लता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे आणि कुंडीला रोज अर्धा लिटर पाणी दिले जाते. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत त्या कुंडीत सुमारे ३२ ग्रॅम चुनखडीइतकी विम्लता ओतली जाते. काही भाग तळाच्या छिद्रातून वाहून जात असला, तरी हे प्रमाण लिटरभर मिश्रणामागे साडेतीन-चार ग्रॅम पडते. अतिआम्ल पीटचा (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा) सामू दोन अंकांनी चढवण्यासाठी रोपवाटिकाधारक मुद्दाम जेवढा चुना मिसळतात, साधारण तेवढेच हे होय.

लक्षणे : सामू ७.५ च्या पुढे गेला की लोह, मँगनीज, जस्त, तांबे हे घटक मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. हवेशीर मातीतील लोहाची विद्राव्यता सामूच्या एका अंकामागे सुमारे हजार पटींनी घटते. परिणामी शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. ऊस व भुईमूग पिकवणाऱ्या या जिल्ह्यात शेतकरी याला ‘केवडा पडला’ म्हणतात. जास्वंद, गुलाब, मोगरा, कढीपत्ता आणि कागदी लिंबाच्या कुंडीतला केवडा तोच. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर मात्र नत्र किंवा मॅग्नेशियमची कमतरता तपासावी. निचरा नसलेल्या, सतत ओल्या कुंडीतही मुळे गुदमरून अशीच लक्षणे उमटतात, म्हणून औषधापूर्वी कुंडीचे छिद्र मोकळे आहे ना, हे पाहणे श्रेयस्कर. याउलट सामू ५ च्या खाली उतरला तर ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुरटतात आणि स्फुरद अडकून पडतो. शुद्ध जांभ्याच्या मातीत लावलेल्या भाजीपाल्याची वाढ खुंटण्याचे हे एक कारण असते.

मोजणी : मृद चाचणी प्रयोगशाळेत माती व पाणी १ : २.५ या प्रमाणात कालवून सामू काढतात, आणि घरीही हेच प्रमाण वापरता येते. नमुना वरच्या खपलीचा न घेता मुळांच्या पातळीतून, चार-पाच इंच खोलीवरून घ्यावा. पाणी ऊर्ध्वपातित हवे. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे पाणी यासाठी पुरेसे असते. ढवळून अर्धा तास ठेवावे आणि मगच मोजावे. पेनासारखा मीटर वापरण्यापूर्वी त्याच्यासोबत मिळणाऱ्या प्रमाण (ठरावीक सामूच्या) द्रावणांवर तो जुळवून घेणे अनिवार्य आहे, कारण न जुळवलेला मीटर आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतो. मातीत खुपसायच्या दोन दांड्यांच्या स्वस्त यंत्रावर विसंबू नये. त्याचा काटा मातीतील ओलाव्याने आणि क्षारांनीही हलतो. ढोबळ अंदाजासाठी सामूदर्शक कागद चालतो. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर फसफस झाली तर तिच्यात मोकळी चुनखडी आहे, एवढे निश्चित समजावे. हळद विम्लतेत लाल होते, हे तर कुंकू बनवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु हा रंगबदल ७.५ ते ८.५ च्या सुमारास होत असल्याने हळद आम्ल बाजूविषयी काहीच सांगत नाही.

सामू उतरवणे : सर्वांत निर्धोक उपाय पावसाचे पाणी हा आहे. स्वच्छ पावसाचा सामू हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो आणि त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतात. पहिले एक-दोन पाऊस कौले व पत्रे धुऊन जाऊ देऊन नंतर पागोळ्यांचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवले आणि उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यात निम्मे मिसळले, तरी विम्लतेचा भार निम्म्यावर येतो. जून ते सप्टेंबर कुंड्या उघड्यावर राहिल्या तर साचलेले क्षारही धुतले जातात. गॅलरीत आडोशाला ठेवलेल्या कुंड्यांना हे सुख मिळत नाही, आणि केवडाही त्यांच्यातच अधिक दिसतो. आरओ यंत्रातून बाजूला टाकले जाणारे पाणी वाचवावे या सद्हेतूने ते झाडांना घालणारी घरे बरीच आहेत, पण त्या पाण्यात मूळ पाण्याहून अधिक घट्ट झालेले क्षार असतात. ते फरशी धुण्यास वापरावे, कुंडीला नव्हे.

पावसाचे पाणी नसेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, वापरता येते. लिटरमागे पाव ग्रॅमने सुमारे २०० मिलिग्रॅम विम्लता निकामी होते. चमचाभर लिंबाच्या रसात साधारण तेवढेच आम्ल असते. मात्र मातीतील जिवाणू सायट्रेट खाऊन पुन्हा बायकार्बोनेट तयार करतात, त्यामुळे हा उपाय तात्पुरता ठरतो. व्हिनेगर व ताक यांचीही तीच गत. टिकाऊ परिणाम गंधकाने मिळतो. कृषी सेवा केंद्रात बुरशीनाशक म्हणून मिळणारे, पाण्यात मिसळणारे ८० टक्क्यांचे गंधक दहा इंची कुंडीला पाच ग्रॅम इतके मिश्रणात कालवून ओल टिकवावी. मातीतील जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात आणि एक ग्रॅम गंधक तीन ग्रॅम चुनखडीला पुरून उरते. या क्रियेला ऊब व सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून फेरमोजणीपूर्वी दुसरी मात्रा देणे घातक आहे. अमोनियम सल्फेटही हळूहळू आम्लता वाढवते. तुरटीने सामू झटकन उतरतो, पण ॲल्युमिनियमचा भार वाढतो. हायड्रेंजियाची फुले निळी व्हावीत यासाठी नेमके तेच हवे असते, इतर झाडांना नको. वापरलेल्या चहाच्या चोथ्याची ख्याती मोठी असली, तरी त्याचा सामूवरील परिणाम नगण्य आहे.

केवडा पडलेल्या झाडाला तातडीचा आधार म्हणून लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) व एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळी फवारतात. मातीतून लोह द्यायचे असल्यास चिलेटचा, म्हणजे लोहाला धरून ते विद्राव्य ठेवणाऱ्या संयुगाचा, प्रकार पाहून घ्यावा : ईडीटीए साधारण ६.५ सामूपर्यंत, डीटीपीए ७.५ पर्यंत आणि ईडीडीएचए ९ पर्यंत टिकते. चुनखडीच्या मातीत पहिल्या प्रकारावर केलेला खर्च बहुतांशी वाया जातो.

सामू चढवणे : ही गरज शहरात क्वचित, पश्चिमेच्या तालुक्यांत अधिक भासते. गुऱ्हाळावर उकळत्या रसात चुना घालून त्याची आम्लता कमी करण्याची रीत कोल्हापूरकरांच्या परिचयाची आहे. ५ ते ५.५ च्या आसपासचा रस ६ च्या पुढे गेला की मळी वेगळी होते आणि गूळ चांगला बसतो. मातीत तेच काम शेतीची चुनखडी भुकटी किंवा डोलोमाइट करते, मात्र सावकाश. लिटरभर तांबड्या मातीला एक-दोन ग्रॅमपासून सुरुवात करावी. विरी गेलेला किंवा कळीचा चुना कुंडीत वापरू नये, तो मुळे भाजतो. बंबातील लाकडाची राख जलद परिणाम करते आणि पालाशही देते, पण चिमटीच्या मापानेच. अंड्याची टरफले बारीक दळली नसतील तर वर्षानुवर्षे तशीच राहतात.

झाडांची आवड : गुलाब, जास्वंद, मोगरा व बहुतेक भाज्या ६ ते ७ मध्ये सुखी असतात. अनंत, एक्झोरा, कॅमेलिया यांना ५ ते ६ लागतो, ब्लूबेरीला ४.५ ते ५.५. बोगनवेल, कण्हेर, तुळस थोडी विम्लता सोसतात, आणि ज्या घरी केवळ बोअरचेच पाणी आहे तेथे यांचीच निवड शहाणपणाची. कुंडी बदलण्यास मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. तेव्हा जुन्या मिश्रणाचा वरचा व कडेचा तिसरा भाग काढून नवे भरले की पुढील चार महिन्यांचा पाऊस उरलेले क्षार धुऊन काढतो, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात केलेली मोजणी पुढील उन्हाळ्यासाठी आधारभूत आकडा म्हणून वहीत नोंदवता येते.